बेणं माझं, पळस जावेचा

धान आणि लाख यांनी आजवर कधी एकमेकांना विचारून पिकायचं ठरवलेलं नाही. दिवाळी सरली की आमच्याकडे धानाच्या लोंब्या पिवळ्या पडून वाकतात, आणि नेमकं तेव्हाच धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, पळसांवर लाखेचं बेणं फुटायला येतं. बरं, वर्षातून एकदाच असं होतं म्हणावं, तर तसंही नाही. दुसऱ्यांदा लाख फुटते ती आषाढात, बायामाणसं गुडघाभर चिखलात रोवणीला वाकलेली असतात तेव्हा. मधले सगळे महिने हा किडा मुकाट. माणूस माशा मारत बसलेला असतो तेव्हा याला काही आठवत नाही. एवढं आयुष्य गेलं, पण याचा राग येतो तो येतोच.

यंदाही तेच. दव अजून वाळलं नव्हतं, ऊन नुकतं धुऱ्यावर चढत होतं, आणि मी काठी टेकत पळसांकडे गेले. लाखेनं मढलेली एक फांदी वाकवून डोळ्यांजवळ आणली. आता डोळ्यांना दूरचं दिसतं आणि जवळचं नाही, म्हणून बोट फिरवून बघितलं. बोटाला कुंकवाची पूड लागल्यासारखी झाली. मग ती पूड चालायला लागली. म्हटलं झालं, फुटलं बेणं! पलीकडच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, माझा मुलगा प्रकाश फोन कानाला लावून हार्वेस्टरवाल्यावर ओरडून राहिला होता, "आज नाही तं कवा येतं गा? धान झडून राहिला ना माझा!" धुऱ्याच्या या बाजूला किड्यांची घाई, त्या बाजूला धानाची घाई, आणि मधे मी, काठी घेऊन, जिचं दोन्हीकडे कुणी ऐकत नाही.

ज्यांना लाख माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनीही ऐकून घ्यावं, कारण माहीत असणारेच जास्त चुकीचं सांगतात. लाख हा झाडाचा डिंक नाही. मोहरीपेक्षा बारीक, लाल रंगाचा एक किडा असतो. तो पळसाची कोवळी फांदी बघतो, तिच्यात सोंड रुतवतो, आणि तिथंच बसतो. उठत नाही. बसल्या जागी झाडाचा रस पितो आणि स्वतःच्या अंगातून निघालेल्या चिकानं स्वतःला मढवून घेतो. असे हजारो शेजारी शेजारी बसले की फांदीवर खडबडीत, तांबूस कवच चढतं. ती लाख. त्या कवचात आई मरते आणि तिची पिलं एक दिवस बारीक भोकांतून बाहेर येतात. बाहेर आली की त्यांना लगेच दुसरी कोवळी फांदी पाहिजे. मिळाली तर जगतात, नाही मिळाली तर दोन-चार दिवस हिंडून मरतात. म्हणून फुटायला आलेल्या फांद्या कापून, त्यांचे वीत-वीत तुकडे करून, सुतळीनं दुसऱ्या पळसाच्या कोवळ्या फांदीला बांधायचे असतात. त्या तुकड्यांना आम्ही बेणं म्हणतो. हीच ती लाख, जी धुऊन, वितळवून, ताणून चपडा होते, आणि तो चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून तुमच्या टेबला-खुर्चीला चकाकी येते. तुम्ही टेबलावर हात फिरवून "काय सुंदर पॉलिश आहे" म्हणता, तेव्हा इकडे कुठेतरी एक बाई झाडाखाली मुंग्या झटकत उभी असते. असो.

ज्या झाडावरून लाख काढली ते झाड थकतं. त्याचा रस पिऊन पिऊन किड्यांनी त्याला चिपाड केलेलं असतं. त्याला विश्रांती द्यावी लागते. म्हणून अर्धे पळस लाख पोसतात आणि अर्धे बसून राहतात. बसलेल्यांना चैतात छाटायचं, म्हणजे कार्तिकापर्यंत त्यांच्यावर बोटाएवढ्या जाड, हिरव्यागार, लुसलुशीत फांद्या येतात. बेणं तिथं जातं. रानात पळस ढिगानं आहेत, पण न छाटलेल्या झाडाची फांदी निबर असते. त्या किड्याची सोंड तिच्यात शिरत नाही.

हे सगळं मी प्रकाशला लहानपणापासून सांगत आले. तो मान हलवायचा. मान हलवणाऱ्या माणसावर कधी विश्वास ठेवू नये. नवरात्रात मी माझ्या भावाकडे, आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडच्या पायथ्याशी गेले होते. चार दिवस राहिले. परत आले तर धुरा मोकळा! हार्वेस्टर वळायला जागा पाहिजे म्हणून यानं कटर मशीन आणून पळस आडवे केले. मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले, तर हा मलाच समजावतो.

"आई, लाखीचे झाडं एक नाही तोडले मी! पाहून घे. खाली होते तेच तोडले ना."

"अरे, जे रिकामे दिसत होते तेच तर आता भरणार होते!"

"मंग तसं सांगाचं ना वो आधी."

आधी! याचं वय चाळीस. आधी म्हणजे अजून किती आधी सांगायला पाहिजे होतं? माया करून बसला होता बिचारा, लाखेची झाडं जपली म्हणून. बाळंतिणीला जपलं आणि पाळणा विकून टाकला, अशातली गत. त्याला मारावं तर हात उचलत नाही आणि न मारावं तर जीव राहत नाही.

तर यंदा माझी अशी परिस्थिती. झाडांवर बेणं फुटून राहिलं आणि ते बांधायला एक कोवळी फांदी माझ्या धुऱ्यावर नाही. आणि गावात आता दुसऱ्या कुणाकडे लाख नाही. फवारण्यांनी बरीच गेली, कंटाळ्यानं बाकीची. हे बेणं मेलं तर आमच्या गावातून लाख गेली, एवढं साधं आहे ते.

कोवळ्या फांद्या गावात एकाच ठिकाणी होत्या. माझ्या थोरल्या जावेच्या धुऱ्यावर. शेवंता तिचं नाव, पण मी तिला बाई म्हणते. तिनं काही लाखेसाठी झाडं छाटली नव्हती. चैतात विजेच्या तारांखाली फांद्या आल्या म्हणून तारवाले येऊन तिचे पळस खटाखट बोडके करून गेले होते. तेव्हा ती त्यांना शिव्या देत धुऱ्यावर नाचली होती. आणि आता त्याच झाडांवर अशा फांद्या आल्या होत्या की बघून माझ्या तोंडाला पाणी सुटावं. देवही असा, की नको तिथं माप ओततो.

अडचण एवढीच की जाऊ आणि मी बोलत नव्हतो. मागच्या पोळ्यापासून. तिचं म्हणणं, माझ्या लाखेच्या किड्यांचा गोड चिकटा गळून तिच्या धानाच्या पानांवर काळं पडलं आणि मुंग्यांनी तिची बांधी भरली. खोटं नाही ते. लाखेखाली काळं पडतंच. पण ते म्हणायची एक रीत असते. बैल सजवून सगळं गाव उभं असताना "हिच्या किड्यांनी माझा धान खाल्ला" म्हणून ओरडायचं नसतं. मी पण काही बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. तेव्हापासून बंद.

ह्याच बाईबरोबर मी एका कार्तिकात बेणं आणायला गेले होते, हे आठवलं की मला आणखी चिडायला होतं.

तेव्हा मी नवी होते. माझ्या हातावरची लग्नाची हळद उतरून एक पावसाळा झाला असेल नसेल. त्या साली लाखेला असा भाव आला की माणसं वेडी झाली. गोंदियाचे व्यापारी गावागावात फिरत होते. मग काय, पिकलेली, न पिकलेली, सगळी लाख लोकांनी कापून विकली. बेण्याला म्हणून फांदी कुणी ठेवली नाही. आणि का ठेवली नाही, ते ऐका. आमच्याकडे रीत आहे की लाखेच्या बेण्याला कुणी नाही म्हणायचं नाही. ते विकायचं पण नाही. ज्याला पाहिजे त्यानं सुपात मूठभर तांदूळ नि हळदकुंकू घेऊन यायचं, "बेणं दे बाई" म्हणायचं, आणि त्याला द्यायचंच. वैरी असला तरी. मग प्रत्येकानं मनात म्हटलं, आपण कापून घेऊ, बेणं काय, शेजारी देईलच. त्याला नाही म्हणता येतं थोडंच! शेजाऱ्यानंही तेच म्हटलं. कार्तिक आला आणि सुपं घेऊन सगळे एकमेकांच्या दारात उभे. देणारा कुणीच नाही. चांगल्या रीतीनं गाव असं बुडतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आमच्या घरी माझे घरचे आणि भासरे, म्हणजे जावेचे घरचे, दोघं सख्खे भाऊ, एकमेकांकडे बघून राहिले होते. "मले वाटलं तू ठेवला असशीन." "मले वाटलं तू." पुरुषमाणसांचं वाटणं मोठं असतं. शेवटी जाऊ म्हणाली, "गडवाली, तुझ्या माहेरी असन ना बेणं?" माझं माहेर गडाखालचं म्हणून मी तेव्हापासून आजपर्यंत तिला गडवालीच. मी म्हटलं असेल. ती म्हणाली, "मंग चाल. हे बसतीन इथंच वाटून घेत."

आम्ही दोघी निघालो. माझ्या वहिनीनं विचारायच्या आत जावेनं सूप पुढं केलं आणि माझ्याच माहेरी, माझ्याच आईसमोर, मला कोपरानं ढोसून म्हणायला लावलं, "बेणं दे बाई." आईला हसू आवरेना. पण रीत म्हणजे रीत. टोपलंभर बेणं मिळालं, ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर पळसाची पानं. एस.टी. दुपारची. ऊन मी म्हणत होतं, गाडी तव्यासारखी तापलेली. नवेगाव बांध आलं, तलावाकडून जरा गार वारा खिडकीतून आत आला, मासळीची टोपली घेऊन एक बाई चढली. मी म्हटलं चला, आता पोहोचलो. तेवढ्यात समोरच्या बाकावरचा माणूस उठून उभा राहिला. पांढरं शुभ्र धोतर, पांढरा सदरा, सोयरिकीला निघालेला दिसत होता. आणि त्याच्या धोतरावर लाल ठिपके. ठिपके वर चढत होते.

"हे कुंकू कोण सांडलं माझ्यावर?"

मी पदर तोंडावर घेतला. जाऊ शांत. "कुंकू असते भाऊ, शुभ असते. सोयरीक जमते पहा तुमची."

"अवो बाई, हे चालून राहिलं ना!"

मग जी गडबड उडाली! कुणी म्हणे ढेकूण, कुणी म्हणे गोचीड. मासळीवाली आपलं टोपलं उचलून बाकावर चढली, की माझ्या मासळीत हे घुसले तर कोण घेईल. कंडक्टर आला, पुसू लागला, त्याच्या खाकी बाहीवर लाल रेघ ओढली गेली. तो संतापला. "उतरवा हे खाली. प्रवाशांची गाडी हाये, किड्यांची नाही."

जाऊ म्हणाली, "कायले उतरवू? तिकीट फाड ना त्यायचं. बारकी लेकरं हायेत, अर्धं फाड."

सगळी गाडी हसली. सोयरिकीवालासुद्धा. कंडक्टर मागे जाऊन बसला आणि कोहमाऱ्यापर्यंत बाही खाजवत राहिला. कोहमाऱ्याला उतरून आम्ही ढाब्यावर चहा मागितला, तर ढाबेवाला म्हणाला, टोपलं बाहेर, चहा पण बाहेर. ट्रकांच्या धुळीत उभ्यानं चहा प्यालो. जावेनं आपल्या बशीतला चहा अर्धा मला ओतला, मी नको म्हटलं तरी. मग घरी न जाता तशाच धुऱ्यावर. बाहेर जायची लुगडी नेसलेल्या, अंगावर लाल ठिपके, दोघी बेणं बांधत राहिलो. पुरुष धान कापून घरी आले तर चूल थंड. भासरे धुऱ्यावर आले आणि ओरडले. जावेनं वळूनही बघितलं नाही. म्हणाली, "आज बेणं जेवून राहिलं. तुमची पंगत मंग."

अशी बाई. आणि आता ह्याच बाईनं यंदा माझ्याकडे बेणं मागू नये? हिला दिसत नव्हतं? कुडाच्या पलीकडे हिचं घर, कापलेल्या बेण्याचं माझं टोपलं अंगणात, टोपल्याच्या काठावर लाल रांग लागलेली. आंधळ्याला दिसावं.

प्रकाश म्हणाला, "आई, तूच नेऊन दे ना मोठीआईले."

"न मागता दिलेलं बेणं पाय धरत नाही."

"किड्यायले काय मालूम वो, कोणी मागितलं का नाही मागितलं?"

हे असं शिकलेलं पोरगं. नागपुरात कंपनीत राहून आलं ना! पण खरं सांगते, मला त्याचा राग आला. मग दिवसभर डोक्यात तेच. किड्याला माहीत नसतं, ते खरं. पण माणसाला माहीत असतं. ज्यानं मागितलं तो सकाळ-संध्याकाळ झाडाकडे जातो, मुंग्यांना राख टाकतो, शेळी हाकलतो, फवारणीच्या दिवशी पंपवाल्याला दुरूनच हटकतो. ज्याला फुकट, न मागता मिळालं, तो म्हणतो लागलं तर लागलं. जुन्या माणसांनी हे असं समजावून नाही सांगितलं, नुसतं पाय धरत नाही म्हणून सांगितलं. समजावत बसायला त्यांना वेळ नव्हता. त्यांचाही धान पिकलेला असणार.

पण त्या रीतीत एक भोक राहिलं. ज्याला बेणं पाहिजे त्यानं यावं, हे सांगितलं. ज्याच्याकडे बेणं आहे आणि झाड नाही, त्यानं कुठं जावं? असा मूर्ख कुणी निघेल असं त्यांना वाटलं नसावं. त्यांना माझा प्रकाश माहीत नव्हता.

मग मी युक्ती केली. अंगणात टोपल्याजवळ बसले आणि शेळीशी बोलायला लागले, कुडापलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं. "पाह्य माय, केवढं बेणं वाया जाऊन राहिलं. कोणी मागाले आलं असतं तं मी नाही म्हटलं नसतं हो. आपल्यात नाही म्हणत नाहीत." शेळीनं मान वर केली, पुन्हा चारा खायला लागली.

पलीकडून जावेचा आवाज आला. ती तिच्या कोंबडीशी बोलत होती. "ज्यायचे पोरं मशीन लावून झाडं तोडतात, त्यायचं बेणं वायाच जाते वो कोंबडे. आपण कायले मागावं? आपला धान काळा होते."

मी शेळीला म्हटलं, "काही लोकायचे झाडं तारवाल्यायनं छाटून देल्ले, तं मालकीण समजतात सोताले."

ती कोंबडीला म्हणाली, "पाह्य, मागाचं असन तं मागावं तोंडानं. बकरीच्या तोंडानं कायले?"

कोंबडी ओरडत पळाली. प्रकाश दारात उभा राहून दोन्हीकडे बघत होता. "तुमी दोघी ना," म्हणाला, आणि गेला. बरं झालं गेला.

दुसरा दिवसही तसाच गेला. दुपारी टोपलं उघडून बघितलं तर काड्यांवरून उतरलेले किडे टोपल्याच्या बांबूवर फिरत होते. बांबूत सोंड रुतवून बघत असतील. बांबूत काय आहे? काही खाली पडून, वाळून, लाल धूळ झाले होते. बोटावर घेतले तर चालले नाहीत. मला एकदम गोंदियाचा लाखेचा कारखाना आठवला. त्या एस.टी.तल्या बेण्याचं पीक पुढं असं आलं होतं की आम्ही दोघी पुरुषांबरोबर कारखान्यापर्यंत गेलो, बघायला म्हणून. भट्टीसमोर एक लांब कापडी पिशवी, अजगरासारखी, दाणेदार लाखेनं भरलेली. एक जण पिळत होता, आणि तापलेल्या कापडातून लाख मधासारखी पाझरत होती. वास असा, की गूळ करपतोय आणि राळ जळतेय, दोन्ही एकत्र. मग एक उघडा माणूस तो गरम थर उचलायचा, आणि दोन हातांत, पायांच्या बोटांत नि दातांत धरून असा ताणत जायचा, की त्याच्याएवढी चादर व्हायची. तिच्यातून पलीकडची भट्टी दिसायची, नारिंगी. मुनीमजी ओरडले, "बाई, दूर खड़ी रहो, साड़ी जल जाएगी." जाऊ माझ्या कानात म्हणाली, "हा दातानं लाख ताणून राहिला गडवाली, आन् आपले घरचे सुतळी ताणाले कंटाळतात." मी इतकी हसले की मुनीमजींनी आम्हाला बाहेरच काढलं. त्या चादरीचे थंड झाल्यावर तुकडे करत होते, काचेसारखे, कडाकडा. एक तुकडा जावेनं उचलून उन्हात डोळ्यासमोर धरला आणि सगळं गोंदिया लाल बघत उभी राहिली.

आणि आता टोपल्यात धूळ होऊन राहिली होती. माझ्या एका मानापायी आणि तिच्या एका मानापायी. मला इतका वैताग आला, की तिचा येतोय, माझा येतोय की त्या किड्यांचा, हेही कळेना. जगायचं असेल तर दोन दिवस थांबत का नाहीत हे? दोन म्हाताऱ्यांना एकमेकींशी बोलायला जरा वेळ लागतो, एवढं यांना समजू नये?

तिसऱ्या सकाळी हार्वेस्टर आला. घरघर आवाज, धूळ, प्रकाश पुढं पुढं. मी टोपलं डोक्यावर घेतलं आणि जावेच्या धुऱ्याची वाट धरली. ती बांधीच्या कोपऱ्यात इळ्यानं धान कापत होती. तिच्याकडे मशीन येत नाही, तिला ते आवडत नाही. पेंढीभर धान कापून कडपा खाली ठेवला, मला बघितलं, आणि परत वाकली. मी टोपलं तिच्या पळसाखाली ठेवलं.

"मी मागतलं काय?" ती वाकूनच.

"नाही मागतलं."

"मंग कायले आली?"

"माग म्हणाले आली."

तिनं इळा थांबवला. "वा! मागाचं मी, आन् गरज तुले?"

"बाई, रीत तशीच हाये. मी नेमली काय ती?"

"तं झाडाची रीत काय हाये? झाड कोणाचं?"

"तुझं."

"झाड माग मंग. तू झाड माग, मी बेणं मागतो."

"आधी तू."

"आधी तू. मी मोठी हावो."

धान कापणाऱ्या दोन बाया पलीकडे काम थांबवून बघत होत्या. माझ्या बांगड्यांवर लाल रांग चढायला लागली होती. मी तिच्याकडे बघितलं. हातावरच्या शिरा, इळ्याची मूठ, कपाळावर भुसा चिकटलेला. या बाईनं बशीतला चहा मला अर्धा ओतला होता, मी नको म्हटलं तरी. आता हिला काही देववत नव्हतं का, की मला काही मागवत नव्हतं? माझ्या आईपुढं बेणं मागायला हिनंच मला ढोसलं होतं. मागताना लाज वाटते म्हटलं तर वाटेत म्हणाली होती, मागणाऱ्याची लाज देणाऱ्यानं ठेवाची असते.

"झाड दे वो बाई," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, हार्वेस्टर इतका ओरडत होता.

"काय? मोठ्यानं बोल."

"झाड दे म्हणतो!" मी ओरडले. पलीकडच्या बायांना गेलं ऐकू. त्या फिदीफिदी.

जाऊ उभी राहिली. कंबर धरून, हळूहळू. मग म्हणाली, "तोंड तिकडे कर."

"काऊन?"

"कर म्हटलं ना."

मी तिकडे तोंड केलं. मागून आवाज आला, चिडलेला, घाईघाईचा, कुणी दात उपटून घेतंय तसा. "दे बेणं. सूप नाही, तांदूळ नाही, हळदकुंकू नाही. तसंच दे."

मी वळले तर ती सुतळी दातात धरून तोडत होती.

पुढचं काही फार गोड नाही. तिनं पहिली काडी बांधली ती सैल. काडी फांदीला घट्ट टेकली पाहिजे, नाहीतर पिलं चालायची कशी? मी तिची गाठ सोडली आणि परत बांधली. ती म्हणाली, एवढी आवळशील तर फांदीचा गळा आवळून झाड मरेल, आणि तिनं माझी सोडून परत बांधली. मी काडी फांदीच्या बुडाशी लावत होते, ती वर लावत होती, मी खाली घेत होते. "तुझ्या माहेरी अशेच बांधतात काय?" "माझ्या माहेरच्याच बेण्यावर बसून राहिली तू आजवर." तिचा धान तसाच राहिला, माझ्या प्रकाशनं जेवायला दोन हाका मारल्या त्या तशाच राहिल्या. तो पण शेवटी आला, हात लावू का म्हणाला, तर दोघींनी एका आवाजात त्याला हाकललं. ऊन उतरायला लागलं तेव्हा टोपलं रिकामं झालं.

आता पंधरवडा उलटला. मेलेले मेले, पण जे फांदीवर गेले ते बसले. जावेच्या पळसांच्या फांद्यांना बारीक लाल रेघ आली आहे, वर पांढरा मऊ धागा. ती रोज सकाळी राख टाकते, मी रोज सकाळी बघायला जाते, कारण तिला राख नीट टाकता येत नाही. एका फांदीवर बेणं इतकं दाट बसलं आहे, की हिरवं दिसतच नाही. तिथली गाठ कुणी मारली होती, तिनं की मी, यावर आम्ही दोघी धुऱ्यावर उभ्या राहून रोज भांडतो.